डावीकडे ओढणारी गाडी

बाईंना किळस फार लवकर यायची, आणि आली की ती लगेच त्यांच्या नाकावर दिसायची. कान तुटलेल्या कपातला चहा त्या पीत नसत, दुसऱ्याच्या उशीवर डोकं टेकत नसत, आणि दुकानदाराने बोटाला थुंकी लावून पिशवी उघडली की सामान तिथेच सोडून चालू पडत. सासरी सुरुवातीला यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली. "वहिनींचं नाक म्हणजे आरोग्य खात्याचा निरीक्षक," असं धाकटा दीर म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर खो खो हसायचा. बाई हसत नसत. हसताना त्याचे दात दिसत, आणि दातांत सकाळचं काहीतरी अडकलेलं असे.

सगळे त्यांना बाई म्हणत, पण त्या शाळेतल्या बाई नव्हेत. त्या गाडी शिकवायच्या. त्यांचे वडील एका लाँड्रीची व्हॅन चालवत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी घेऊन जायच्या, धुतलेल्या परत पोचवायच्या. मोकळ्या मैदानावर त्यांनीच मुलीला गाडी शिकवली. सरळ पट्टा आला की म्हणायचे, "आता हात सोड. घाबरू नकोस, नुसते सोड. तुझ्याशिवाय गाडी कुठे जाते ते बघू." व्हॅन नाकासमोर जायची. बाईंना वाटायचं, सगळ्याच गाड्या अशा जातात.

लग्नानंतर काही वर्षं त्यांनी एका कचेरीत टायपिंग केलं. त्याचा वीट आल्यावर एक जुनी छोटी गाडी घेतली, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून घेतला, टपावर पाटी लावली आणि बायकांना शिकवायला सुरुवात केली. धंदा बरा चालला. नवऱ्याकडून शिकायला बसलेली बाई पहिल्या चौकात रडायला लागते आणि दुसऱ्या चौकात माहेरी जायच्या गोष्टी करते, हे जगभर खरं आहे. अशा सगळ्या बायका मग बाईंकडे यायच्या. बाई ओरडत नसत. फार झालं तर नाक मुरडत, आणि त्या मुरडलेल्या नाकाची शिकणारीला आरड्याओरड्यापेक्षा जास्त दहशत वाटे.

गाडीची देखभाल मात्र दिराकडे होती. त्याचं गॅरेज होतं. "घरचं गॅरेज असताना बाहेर का जायचं?" असं बाईंचा नवरा म्हणाला, आणि तसंच ठरलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. बारीक काम, शांत स्वभाव, आणि धाकट्या भावावर जीव. आईवडिलांमागे त्यानेच त्याला वाढवलं होतं.

बाईंना त्या गॅरेजात पाऊल ठेवताना अंगावर काटा यायचा. तेलाची, ग्रीसची त्यांना घाण वाटायची असं नाही. काम म्हटलं की हात काळे होणारच. पण तिथली घाण कामाची नव्हती, आळसाची होती. बेसिनमध्ये साबणाची काळी वडी मेलेल्या उंदरासारखी पडलेली. उरलेल्या चहात पडलेले नट-बोल्ट. पाने हवे तेव्हा न सापडणारे, नको तेव्हा पायात येणारे. आणि मधोमध दीर, कानात काडी घालून फिरवत, ती काडी बाहेर काढून बघत, आणि मग त्याच हाताने गाडीच्या सीटवर थाप मारत म्हणायचा, "झाली वहिनी गाडी. पळवा!"

गाडी डावीकडे ओढायला कधी लागली ते बाईंनाही नेमकं सांगता आलं नसतं. अशा गोष्टी एका दिवसात होत नाहीत. शिकाऊ लोक गाडी पदपथाच्या कडेला घासतात, खड्ड्यात आदळतात, जागच्या जागी स्टेअरिंग पिळतात. चाकं जराजराशी फाकतात, खालचे रबरी बुश फाटतात, सांधे ढिले होतात. हातांना त्याची सवय होत जाते. बाई स्वतः चालवताना स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवायच्या, आणि शिकणाऱ्या बायकाही तेच शिकायच्या.

ते उघडं पडलं परीक्षेत. परीक्षा सरकारी गाडीवर व्हायची, आणि ती गाडी सरळ चालायची. बाईंच्या शिष्या तिच्यात बसल्या की एकजात उजवीकडे सरकत जायच्या. एकदा परीक्षक खिडकीतून डोकं काढून सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुमच्या सगळ्या पोरी समोरच्याच्या अंगावर का जातात हो? काही वैर आहे का?" रांगेतले लोक हसले. बाईंचे कान तापले.

त्या तडक दिराकडे गेल्या. "भावजी, गाडी ओढतेय. आणि खड्ड्यात पुढून टकटक आवाज येतो."

"आवाज तुमच्या डोक्यात येतो, वहिनी," दीर म्हणाला. तरी त्याने गाडी ठेवून घेतली. चाकांना धरून ठेवणारे खालचे दोन्ही आर्म, बॉल जॉइंट नावाचे गोल सांधे, टाय रॉडची टोकं, सगळं सामान बदलावं लागेल म्हणाला. बाईंनी होकार दिला, सामानाचे पैसे हातावर ठेवले. दोन दिवसांनी गाडी परत आली. स्टेअरिंग नाकासमोर सरळ होतं. चाकांच्या मधला सगळा भाग काळ्या रंगाने चकचकीत रंगवलेला.

"नवं टाकलंय सगळं. अलाइनमेंटही केलीय, चाकं एका रेषेत आणलीत," दीर म्हणाला.

बाई गाडी घेऊन निघाल्या. सरळ पट्ट्यावर त्यांनी हात सोडले. गाडी डावीकडे गेली. स्टेअरिंग सरळ, आणि गाडी डावीकडे. बाईंना क्षणभर कळेना की आपलीच मान वाकडी झाली आहे की काय.

परत गेल्यावर दीर म्हणाला, "रस्त्याला उतार असतो वहिनी, पाणी जायला. त्या उताराने जाते. अहो, चालतेय की! जुन्या गाडीकडून किती अपेक्षा ठेवायची?" नवराही म्हणाला, "तो रोज हेच काम करतो. तुझं आपलं काहीतरी असतं." बाई गप्प बसल्या. त्यांच्या नाकाची इतकी चेष्टा झाली होती की कधीकधी त्यांचा स्वतःच्याच नाकावर विश्वास राहत नसे. गप्प बसल्या, आणि शिकवत राहिल्या.

त्याच सुमारास बेकरीवाल्या काकू शिकायला आल्या. वयाने बाईंपेक्षा मोठ्या, गोल चेहऱ्याच्या, हातांना कायम मैद्याचा वास. पाव पोचवायचं काम त्यांचे यजमान करायचे, पण त्यांची नजर झपाट्याने गेली. नोकर ठेवला तर तो अर्धे पाव वाटेत विकायचा. शेवटी काकू म्हणाल्या, मीच शिकते. त्या इतक्या घाबरायच्या की बसल्या बसल्या आधी सगळ्या गाडीची माफी मागायच्या. "चुकलं तर रागावू नका हं," हे बाईंना म्हणायच्या की गाडीला, ते कळत नसे. पण चिकाटी दांडगी. हळूहळू हात बसला.

त्या दिवशी सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर काकू वळण घेत होत्या. माणूस चालतो त्याच वेगाने, नीट इंडिकेटर देऊन. समोरून पोस्टमन सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. एकदम पुढून कडाड् आवाज झाला, गाडीचा डावा कोपरा खाली बसला आणि स्टेअरिंग काकूंच्या हातात गरकन फिरलं. बाईंनी दोन्ही पाय आपल्या पेडलांवर दाबले. गाडी घासत थांबली. पोस्टमनची सायकल खाली पडली, पाकिटं पसरली, तो मात्र बाजूला उडी मारून वाचला. डावं चाक मोडलेल्या पायासारखं आडवं होऊन मडगार्डखाली अडकलं होतं.

काकू रडायला लागल्या. "मी मोडली! बाई, मी मोडली तुमची गाडी! तरी मी म्हणत होते, माझ्या हातून नाही व्हायचं." त्या उतरून पोस्टमनच्या पाया पडायला निघाल्या. त्याने बिचाऱ्याने त्यांना धरून बसवलं आणि मग स्वतःच शेजारी टेकला.

बाईंच्या नवऱ्याला फोन गेला, त्याने भावाला केला. दीर दोरखंड घेऊन आला तेव्हा चांगली गर्दी जमली होती. त्याने मोडलेल्या चाकाकडे बघितलंही नाही. काकूंकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "बायकांच्या हातात स्टेअरिंग दिल्यावर दुसरं काय होणार? गाडी म्हणजे काय कणीक आहे?"

काही जण हसले. काकूंनी मान आणखी खाली घातली.

बाईंनी तिथेच रस्त्यावर गुडघे टेकले आणि चाकाच्या आत डोकं घातलं. आजवर त्यांनी गाडी वरूनच पाहिली होती. आत, जिथे चाक खालच्या आर्मला जोडलेलं असतं, तिथला गोल सांधा निखळून बाहेर लोंबत होता. त्यावर जे रबरी टोपण असायला हवं ते नव्हतंच. त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेने आवळला होता, आणि त्यातून वाळू, केस आणि ग्रीस यांचा काळा लगदा पुवासारखा बाहेर येत होता. सगळ्यावर तो चकचकीत काळा रंग. रंगाचा एक पापुद्रा बाईंनी नखाने उचलला. खाली गंज होता, जुना, थरावर थर चढलेला.

नवं सामान!

बाई उठल्या, चार पावलं गेल्या आणि गटाराच्या कडेला भडाभडा ओकल्या. लोकांना वाटलं, अपघाताचा धक्का बसला. दीर पुढे आला, "वहिनी, बसा, बसा तुम्ही. मी नेतो गाडी."

तोंड पुसत बाई म्हणाल्या, "हात लावू नका."

"अहो पण..."

"माझ्या गाडीला हात लावू नका. तुमच्या हातांची मला शिसारी येते."

दिराने हसायचा प्रयत्न केला, पण या खेपेला सोबत हसायला कोणी नव्हतं.

बाईंनी गाडी क्रेनने उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अलाइनमेंट सेंटरला नेली. तिथला मालक जाडा, तुसडा आणि भलताच बडबड्या होता. गिऱ्हाइकावर खेकसणं हा त्याच्या मते सेवेचाच एक भाग. गाडी रॅम्पवर वर गेली तसा तो कपाळाला हात लावून ओरडला, "कुणी केलं हे? त्याला माझ्यासमोर आणा! ही दुरुस्ती आहे की मयताचा मेकअप?"

मग त्याने बाईंना खाली उभं करून एकेक गोष्ट दाखवली. पहारीने आर्म हलवला तर तो हिरडी सुटलेल्या दातासारखा हलत होता. शॉकअप तेल गळून कोरडे पडले होते. डाव्या टायरची आतली कड घासून आतली तार दिसत होती. झिजलेली बाजू बाहेरून दिसू नये म्हणून टायर रिमवरून काढून, उलटा करून बसवला होता. स्टेअरिंग कसं सरळ झालं तेही कळलं. चाकं होती तशीच वाकडी ठेवून, फक्त वरचं स्टेअरिंगचं चक्र काढून सरळ बसवलं होतं.

"म्हणजे घर कललेलं, आणि भिंतीवरची तसबीर तेवढी सरळ केली," मालक म्हणाला. "आणि तुम्ही म्हणता अलाइनमेंट करून द्या. कशाची करू? खालचं सगळं सैल असताना मशीन आकडे दाखवेल, पण पहिल्या खड्ड्यात ते आकडे मशीनच्याच तोंडावर फेकून गाडी पुन्हा वाकडी. आधी सांधे, बुश, शॉकअप. मग टायरची हवा सारखी. मग अलाइनमेंट. आणि यापुढे गाडी पदपथावर आपटली की दाखवायला आणायची. शिकाऊ गाडी आहे ना? मग महिन्याला आणा. मी ओरडेन, पण बघेन."

बाई ऐकत होत्या आणि वर बघत होत्या. या लोंबत्या घाणीवर त्यांनी इतक्या बायकांना बसवलं होतं. गरोदर मुलगी होती एक. एक आजीबाई होत्या, नातवाला आणायला जाता यावं म्हणून शिकणाऱ्या. त्यांना पुन्हा किळस आली. दिराच्या ट्यूबची नाही, स्वतःची. टकटक आवाज येत होता. नाकाने, कानांनी सांगितलं होतं, आणि आपण गप्प बसलो, घरात वाद नको म्हणून.

निखळलेला बॉल जॉइंट, ट्यूब आणि तारेसकट, त्यांनी कागदात गुंडाळून मागून घेतला.

घरी नवरा सांभाळून बोलत होता. "त्याचं चुकलं असेल. पण चार लोकांत तू शिसारी म्हणालीस, ते त्याला फार लागलंय. घरातली गोष्ट घरात ठेवायची असते."

"घरातली घाण घरात ठेवून काय होतं माहीत आहे? किडे होतात," बाई म्हणाल्या.

त्यानंतर रोज बाई एकीकडे भांडी घासत, नवरा दुसरीकडे वर्तमानपत्र धरून बसे, पण पान उलटलेलं ऐकू येत नसे. बाईंना त्याच्या त्या समजूतदार चेहऱ्याचाही वीट आला होता. ज्या माणसाला चष्म्याच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा खपत नाही, त्याला हे कसं खपतं?

आठवडा गेला असेल. नवऱ्याला चष्म्याच्या काचांची खोकी आणायला जायचं होतं आणि घरची गाडी रॅम्पवर, म्हणून तो भावाच्या गाडीतून गेला. भावाकडेही तीच गाडी होती, त्याच बनावटीची, तितकीच जुनी. संध्याकाळी तो परत आला आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बाईंनी चहा पुढे केला. त्याने कप हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"काय झालं?"

"त्याची गाडी सरळ जाते," नवरा म्हणाला. "रेघ मारल्यासारखी. खड्ड्यात आवाज नाही. मी त्याला विचारलं, तुझी एवढी छान कशी? हसला. म्हणाला, वहिनींसाठी आणलेलं नवं सामान होतं ना, तेच टाकलंय."

बाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली.

"मी म्हटलं, अरे, मग तिच्या गाडीत?" नवऱ्याने कप दूर सरकवला. "तर म्हणाला, ती गाडी शिकाऊच तर फिरवतात दादा, तिला नवं सामान म्हणजे नासाडी. माझ्या गाडीत माझी पोरं बसतात. असं म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. मी तो हात काढला. मी त्याला लहानपणी आंघोळ घातलीय गं, आणि आज त्याचा हात मला अंगावर सहन होईना."

तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ खांदा धूत राहिला. शर्ट भिजला तरी धूत होता. बाई बाहेर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की या घरात नाक असलेल्या आपण एकट्या नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गॅरेजात गेली. चार गिऱ्हाइकं बसली होती. बाईंनी कागद सोडला आणि तो सांधा दिराच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"हे तुमचं सामान. माझ्या गाडीत नवं म्हणून घातलेलं."

दिराने आधी गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग भावाकडे. "दादा, सांग ना यांना. आपल्याच दातांनी आपलेच ओठ चावायचे का?"

"ओठ सडले असतील तर डॉक्टरही कापतो," नवरा म्हणाला. त्याच्याइतक्या मऊ माणसाच्या तोंडून ते आलं, म्हणून दीर वरमला. गिऱ्हाइकांपैकी एक उठला, टेबलापाशी वाकून तो काळा लगदा त्याने निरखून पाहिला, आणि आपल्या गाडीची किल्ली मागून घेतली. बाकीचे बसून राहिले. त्यांना काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी गॅरेज घराजवळ होतं. बाईंना दिरापेक्षाही त्या बसून राहिलेल्यांची जास्त किळस आली.

गाडी तयार झाल्यावर बाई आधी बेकरीत गेल्या. काकूंनी तोवर शिकणं सोडून दिलं होतं. "नको बाई, माझ्या हाताला अपशकुन आहे," त्या म्हणाल्या. बाईंनी त्यांना आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवून सगळं सांगितलं. ट्यूब, तार, रंग, काही झाकलं नाही. काकूंचा गोल चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे तो मेला मला चार लोकांत बोलला, आणि त्याला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

काकूंनी हातातला पिठाचा फडका ओट्यावर आपटला. "चला. आत्ता चला. मला वळण घ्यायचंय. त्याच कोपऱ्यावर." आणि घेतलं. त्या दिवशी त्यांनी गाडीची माफी मागितली नाही.

मग बाईंनी जुन्या शिष्यांना एकेक करून फोन केले. वाकडी गाडी धरायची सवय लागली आहे, या, मोडून देते, फुकट. काही आल्या. काहींनी "आता काय करायचंय, जमतंय आमचं" म्हणून फोन ठेवला. बाई मग बराच वेळ नाक मुरडून फोनकडे बघत बसायच्या.

दिराचं गॅरेज बंद पडलं नाही. अशी गॅरेजं बंद पडत नाहीत. त्याचं बाईंकडे येणं मात्र संपलं, आणि नवऱ्यानेही त्याला बोलावलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी बाईंच्या दारात त्यांची धाकटी जाऊ उभी राहिली. दिराची बायको. एकटीच आली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "ताई, मला गाडी शिकायचीय," ती म्हणाली. "ह्यांच्याकडून नाही."

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. गाडी त्या दिवशी महिन्याच्या तपासणीला जायची होती, म्हणून तिलाही सोबत नेलं. रॅम्प वर गेला. मालक नेहमीसारखा खेकसत बाजूला झाला. बाईंनी जावेला गाडीखाली उभं केलं आणि बॅटरीचा झोत चाकाच्या आतल्या सांध्यावर टाकला. रबरी टोपण कोरं होतं, धुळीचा हलका थर सोडला तर स्वच्छ.

जाऊ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमच्यासाठी आणलेलं सामान आमच्या गाडीत आहे, ते हेच का?"

"हेच," बाई म्हणाल्या.

तिने हात पुढे केला, टोपणाला बोट लावलं, बोटावरची धूळ पाहिली आणि पदराला न पुसता तशीच उभी राहिली. "आणि मी रोज पोरांना त्या चोरलेल्या सामानावर बसवून शाळेत पाठवते," ती म्हणाली. बाईंनी बॅटरी विझवली आणि तिच्या हातात किल्ली दिली.